बनुबाईचा पहिला हिवाळा

आमच्या शेतावर मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक वही ठेवली आहे. जाताना प्रत्येक जण तिच्यात चार ओळी लिहितो, आणि बायका हमखास लिहितात, 'अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.' ते वाचून मी खूश व्हायचे. चुलीवरची भाकरी, बैलगाडीची फेरी आणि अंगणातली बाज एवढं असलं की माहेर तयार होतं, असा माझा समज होता. चौतीस वर्षं नेवाशाला शाळेत शिकवल्यामुळे माझे समज जरा पक्केच असतात.

आमचे सुहासराव नागापूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि पाथर्डी तालुक्यातल्या वडिलोपार्जित साडेचार एकरांत त्यांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात राहिलेल्या माणसाला साठीत शेताची हौस आली आणि ती निस्तरायला मी होतेच. त्या निस्तरण्यात मला बनुबाई मिळाली, हे माझं नशीब.

ती जूनमध्ये खुरपायला आली. चाळिशीची, काटक, बोलणं मोजकं. एके दिवशी माझी भाकरी तिसऱ्यांदा तुटलेली तिनं दारातून पाहिली. खुरपं बाजूला ठेवलं, हात धुतले आणि परात स्वतःकडे ओढली. 'बाई, तुमी पाव्हन्यांस्नी पानी द्या,' म्हणाली. त्या दिवसापासून चूल तिची झाली.

अडचण एकच होती. आमचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा. थंडी पडली की पुण्याहून, नगरहून माणसं हुरडा खायला येतात. आणि नेमकी दिवाळी झाली की बनुबाई आणि तिचा नवरा मच्छिंद्र ऊसतोडीला जायचे, ते गुढीपाडव्यालाच परतायचे. नवराबायको मिळून एक कोयता, अशी मुकादमाची मोजणी. लग्न झाल्यापासून तेवीस वर्षं हे चाललं होतं.

यंदा इथेच राहतेस का, असं मी विचारलं तेव्हा तिनं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'ऱ्हाते. मालकबी ऱ्हातील, बैलगाडी हाकतील. पर एक हाय. माजी अश्विनी पोटुशी हाय. जानेवारीअखेरीला मोकळी हुईल. पयलं बाळतपन माह्यारी करायचं आसतं, आन तिच्या माह्याराला तवा कुलूप आसतं. औंदा मला घर उघडं ठेवायचंय. तिची नड आली की मी चुलीवरनं उठून जाईन. तवा मला आडवायचं न्हाई.'

'अगं, मी कशाला अडवू?' मी म्हणाले. वर 'तुझी लेक ती माझी लेक' हेही म्हणाले. असली वाक्यं मला फार पटकन सुचतात.

दिवाळी सरली, ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या भरून गाव रिकामं झालं आणि बनुबाई मागे राहिली. डिसेंबरात पाहुणे यायला लागले तसं माझ्या लक्षात आलं, की या बाईला स्वतःच्या गावाचा हिवाळाच ठाऊक नाही. उन्हाळ्यात कुठल्या विहिरीला पाणी टिकतं ते ती झोपेतही सांगेल. पण सकाळच्या फेरीत पाहुण्यांनी विचारलं, 'मावशी, हा पक्षी कुठला?' की ती म्हणायची, 'म्याबी आजच बघितला.' ओढ्याकाठच्या बोरीपाशी नेताना तिनं सगळ्यांना आधीच बजावलं, 'तिच्यापशी काय न्हाई. नुस्ते काटे. दर उन्हाळ्यात तिच्याखाली शेरडं चारते मी.' वळण घेतलं तर बोर लालपिवळ्या बोरांनी वाकलेली. पाहुण्यांनी खिसे भरले. बनुबाई तशीच उभी. मग एक बोर तोंडात टाकून, आपल्याला कुणीतरी इतकी वर्षं फसवलं अशा रागानं ती झाडाकडे बघत राहिली.

हुरड्याचंही तेच. शेजारच्या रानातल्या आबासाहेबांनी तिला शिकवलं, कोणतं कणीस भाजायला घ्यायचं आणि कोणतं निबर झालं म्हणून सोडायचं. गोवऱ्यांच्या आगटीतून काढलेलं कढत कणीस मात्र ती पहिल्या दिवसापासून तळहातावर सहज चोळायची. कोयत्यानं घट्टे पडलेल्या त्या हातांना चटका लागतच नव्हता. हिरवा, वाफाळता दाणा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाताना पाहुणे डोळे मिटायचे. तीही मिटायची. मच्छिंद्रच्या बैलांना तर साखर कारखान्याच्या दारातल्या उसाच्या गाड्यांच्या रांगेची इतकी सवय, की रस्त्यात ट्रॅक्टर उभा दिसला की ते त्याच्या मागे निमूट रांग धरायचे. पाहुणे हसून बेजार व्हायचे आणि मच्छिंद्र ओशाळून कासरे ओढायचा.

डिसेंबरच्या शेवटी अश्विनी आली. एका सकाळी बनुबाई मला मुद्दाम म्हणाली, 'बाई, आमच्या दारात सकाळी धा वाजंपत्तुर ऊन येतं. मला ठावंच न्हवतं. पोरगी पाठ शेकत बसती.' सांगताना तिचा चेहरा इतका उजळला होता, की मला माझी वही आठवली आणि थोडी लाज वाटली.

पण लाज वाटली म्हणून माणूस सुधारतो असं नाही. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या. चारही खोल्या भरल्या, अंगणात दोन तंबू लागले. बावीस माणसं. सकाळचे अकरा वाजले होते. पिठलं रटरटत होतं, बनुबाईची पाचवी भाकरी तव्यावर होती आणि मच्छिंद्र धावत आला. 'पोरीला कळा सुरू झाल्या.'

बनुबाई उठली. आणि मी, प्रेमला सुहास, निवृत्त शिक्षिका, भर अंगणात पाहुण्यांसमोर ओरडले, 'आत्ता? ऐन जेवणाच्या वेळी? माझ्या बावीस माणसांचं काय करू मी?'

तिनं माझ्याकडे पाहिलं. पिठाचे हात पदराला पुसले. 'तव्यावरली उलटा, बाई,' एवढंच म्हणाली आणि चालायला लागली.

मी ती उलटली नाही. भाकरी करपली. सुहासराव सहसा आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. गाडीची किल्ली खुंटीवरून काढता काढता म्हणाले, 'प्रेमला, अडवायचं नाही असं ठरलं होतं ना?' आणि अश्विनीला पाथर्डीच्या दवाखान्यात न्यायला गेले.

मी चुलीसमोर बसले, पण हात चालेनात. तेव्हा मनवा नावाची पुण्याची एक पोरगी माझ्याशेजारी येऊन बसली. आदल्या दिवशी आमच्या 'भाकरी शिका' कार्यक्रमात बनुबाईनं तिचा हात धरून तिला थापायला शिकवलं होतं. 'मावशींनी सांगितलंय, पीठ आधी चांगलं मळायचं, घाई केली की तुटते,' ती म्हणाली आणि परात ओढली. दोघी तिघी आणखी आल्या. एकानं पाणी आणलं, एकानं कांदे फोडले. भाकऱ्या कुठल्याच आकाराच्या झाल्या नाहीत आणि जेवायला तीन वाजले. कुणी कुरकुर केली नाही. उलट दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, 'फोन आला का?'

चारला फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. अंगणात टाळ्या वाजल्या. मी मात्र आत जाऊन बसले. त्या बाईनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती देताना माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं होतं. आता ती परत येईल का, आणि आली तरी कोणत्या तोंडानं मी तिच्याशी बोलू, याच काळजीत माझे पुढचे दिवस गेले.

बाराव्या दिवशी मच्छिंद्र बारशाचं बोलावणं घेऊन आला. मी झबलं-टोपडं घेऊन गेले. दोन खोल्यांचं घर बायकांनी भरलेलं होतं, दारात उन्हाला अश्विनी लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. बनुबाई मागच्या बाजूला घुगऱ्यांचं पातेलं उतरवत होती. मी तिथं गेले आणि तिचा हात धरला. 'बनुबाई, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. मला माफ कर.'

'राग आलाच हुता,' ती म्हणाली. 'वाटंनं जाताना तुमाला लई शिव्या घातल्या.'

मी तिचा हात सोडला.

'मग दवाखान्यात भाईर बसल्यावर इचार करत हुते,' ती पातेल्यात डाव फिरवत म्हणाली. 'ह्या अश्विनीच्या वक्ताला मी उसाच्या फडावर हुते. दुपारपत्तुर मोळ्या बांधल्या आन कळा आल्या तशी पाचटाच्या कोपीत जाऊन पडले. कुनी वरडलं न्हाई. मुकादमानं माज्या जागी दुसरी बाई लावली. एक मोळी थांबली न्हाई. आतमदी मी मेले का जगले, कुनाचं काय आडनार हुतं?'

तिनं एका वाटीत घुगऱ्या घालून माझ्या हातात दिल्या.

'तुमी वरडला. म्हंजे माज्यावाचून कुनाचंतरी आडलं. बाई, लई बरं वाटलं मला.'

एवढं बोलून ती पातेलं उचलून बायकांना वाढायला गेली. मी तिथंच, वाटी हातात धरून, रडले.