लोड उतरला, असं नाना म्हणाले

हे मला आत्ताच सांगायचंय, नाहीतर परत हिंमत होणार नाही. आमच्या महापेच्या टेस्टिंग शेडमधे आज सकाळी रंगारी आले. त्यातला एकजण भिंतीतल्या खड्ड्यावर पुट्टी फिरवणार तेवढ्यात मी किंचाळले, इतक्या जोरात की तो शिडीवरून पडता पडता राहिला. त्याला काय माहीत, त्या खड्ड्याभोवतीचा खडूचा गोल हिराजी नानांनी काढलाय, आणि नानांना जाऊन पाच आठवडे झालेत.

नाना आमचे मशीनवाले, मूळचे कोपरखैरणे गावातले. मी इंजिनियर म्हणून लागले तेव्हा कळलं की आमचं कामच मोडायचं आहे. दोन पोलादी प्लेट, मधे काँक्रीट, आणि सगळ्याला धरून ठेवणारे आरपार बोल्ट. याला पॅनल म्हणतात. क्रीमचं बिस्किट समजा, फक्त दोन माणसं झोपतील एवढं. ते फ्रेममधे आडवं ठेवायचं आणि वरून जॅकने दाबत राहायचं, फुटेपर्यंत. पण बाहेरून काही दिसतच नाही हो. प्लेट गुळगुळीत, आणि आत काँक्रीट फुटत असतं. आधी कुरकुर, मग कटकट, मग धाडकन असा आवाज की दात हलतात, आणि मीटरवरचा लोड सर्रकन अर्ध्यावर येतो. अशा वेळी नाना काय करायचे? चहा प्यायचे. लोड उतरला की त्यांचा स्टीलचा ग्लास रिकामा होईपर्यंत कोणी पिवळी लाईन ओलांडायची नाही, हा त्यांचा नियम. "आतला दगड मोडला, पन पत्रा अजून तानतोय. त्याची आता झोळी झाली. झोळी परत वजन घेते गो. ती फाटली का मग खरा तमाशा."

मला वाटायचं, म्हातारा चहाचे बहाणे शोधतो. एकदा लोड उतरला, शेड शांत झाली, जॅकचा पंप अजून चालूच होता, आणि मी खाली लावलेला मोजमापाचा गेज काढायला आत घुसले. वाकणार तोच मागून माझी वेणी कोणीतरी अशी खेचली की मी पाठीवरच आपटले. त्याच क्षणी बोल्ट तुटला. गोळी सुटावी तसा माझ्यावरून गेला आणि भिंतीत घुसला. मग एकामागोमाग एक बाकीचे बोल्ट तुटत गेले, वरची प्लेट फुगून उलटली, काँक्रीटचे तुकडे पत्र्याच्या छतावर जाऊन वाजले. मी उठून उभी राहिले तर नानांनी मला कानाखाली मारली. सगळ्यांसमोर. मग खडू घेतला, खड्ड्याभोवती गोल काढला आणि म्हणाले, "हितं तुझं डोकं." मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझ्या आईनेही मला कधी हात लावला नव्हता... नवव्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर सुकटीची चटणी ठेवली. "खा, रागाला बरी असते."

आणि मग तो दिवस. सकाळी नाना स्टुलावर बसून छाती चोळत होते. मी विचारलं, "काय झालं नाना?"

"कोनी हितं जॅक लावलाय सकालधरनं."

आम्ही हसलो. थोड्या वेळाने तेच उठले. "उतरला गो लोड. चल, पंप लाव." ग्लासात चहा अर्धा होता. मी तो पाहिला. त्या दिवशी दोन पॅनल मोडायचे होते, मी घाईत होते, मी म्हणाले, "चला."

ते पंपाशी पोचलेच नाहीत. लोखंडी फ्रेमवर तोंडावर आपटले, कपाळ फुटलं. मी त्यांची छाती दाबत राहिले, ट्रेनिंगमधे शिकवलं होतं तशी, जीव खाऊन. माझ्या तळव्याखाली बरगडी कट्ट करून मोडली. तो आवाज मी रोज ऐकते, माझ्या कामाचाच आवाज आहे तो... तरी थांबले नाही, अॅम्ब्युलन्सवाल्यांनी ओढून बाजूला केलं तोपर्यंत. हॉस्पिटलमधे डॉक्टरांनी विचारलं, "आधी दुखत होतं का?" मी म्हणाले, "हो, पण उतरलं होतं." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

पाच आठवडे मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. पण खड्डा वाचवला आणि राहवेना, हाफ डे टाकून थेट नानांच्या घरी गेले. काकू, म्हणजे नानांची बायको, तांदूळ निवडत होत्या. मी एका दमात सगळं ओकले, जॅक, अर्धा ग्लास, माझं ते "चला". वाटलं, आता काकूपण मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

काकू सुपातच बघत म्हणाल्या, "मला पन तेच बोलले. 'उतरलं.' मी डबा भरून दिला."

मग आम्ही दोघी रडलो, आणि नंतर काकूंनी चहा टाकला. दोघींनी ग्लास पूर्ण रिकामे केले, तळाच्या साखरेसकट. घाई कोणालाच नव्हती.

रंगाऱ्याने गोल सोडून बाकीची भिंत पांढरी केली आहे. तुमच्याकडेपण कोणी असं छाती चोळत "उतरलं आता" म्हणालं होतं का? आणि तुम्हीपण "चला" म्हणालात का?