कॉलनीचा कचरा आणि आप्पांची बाल्कनी

कचऱ्याचं वजन करायला उभं राहिलं की वजनापेक्षा गोष्टीच जास्त जमा होतात, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरी, त्यामुळे आलं-गेलं टिपायची सवय होती, एवढंच. आमची फरीदाबादची कॉलनी नवीन होती, बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं, आणि आम्ही तिघं दर रविवारी लोक काय टाकतात ते बघत होतो. त्या दिवसांतले हे काही किस्से.

*

सुरुवात कुलकर्ण्यांच्या आप्पांमुळे झाली. आप्पांचा मुलगा बदलीवर नागपूरला. सून दिल्लीत एका मंत्रालयात. सकाळी चार्टर्ड बसने जायची ती दिवेलागणीला परत. तळमजल्यावर दिवसभर आप्पा एकटे. मागच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचं, हा त्यांचा उद्योग. पण मागच्या मोकळ्या प्लॉटवर कचरा पडायला लागला, वास घरात यायला लागला, आणि वहिनींनी, म्हणजे आप्पांच्या सुनेने, बाल्कनीचं दार बंद करून बाहेरून बांबूच्या चिकेचा पडदा सोडून टाकला. त्यात बातमी आली की त्याच प्लॉटवर ढलाव होणार, म्हणजे भिंती घालून कायमचं कचराघर.

वहिनी मला आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या शेखसाहेबांना घेऊन पालिकेच्या इंजिनिअरकडे गेल्या. तो म्हणाला, कॉलनीचा कचरा वेगवेगळा करून दाखवा आणि टाकायचा उरलेला भाग एका हातगाडीत मावेल इतका कमी करा. मग ढलाव रद्द, तिथे पार्क.

परतताना वहिनी म्हणाल्या, "पार्कचं मला काही नाही हो. आप्पांना ते दार उघडून द्यायचंय."

*

आम्ही तीन ड्रम मांडले. ओला, विकण्याजोगा आणि उरलेला. रविवारी सगळ्यांसमोर तपासणी.

पहिल्या रविवारी भाज्यांची सालं धुतलेली, दुधाच्या पिशव्या पुसून घडी घातलेल्या. आपला कचरा चार लोक बघणार, म्हणून बायकांनी शनिवारी तो आवरून ठेवला होता. शेखसाहेब सोलापूरचे. ड्रममध्ये डोकावून म्हणाले, "एवढा चांगला असेल तर टाकायचा कशाला? वाढा की!"

*

विदेशी चॉकलेटचा एक रिकामा डबा पहिल्यांदा दिसला तेव्हा आम्ही कुतूहलाने हातात घेऊन पाहिला. सोनेरी, नक्षीदार. पुढच्या रविवारी पुन्हा एक. त्याच्या पुढच्याही. पलीकडच्या जिन्यातल्या एका बाईंकडे चॉकलेटचा खप जबरदस्त आहे, असं मी टिपून ठेवलं. वहिनी म्हणाल्या, "खप कसला! डब्याच्या कोपऱ्याला पोचा आहे, तो दर वेळी तिथेच असतो. सोमवारी सकाळी डबा परत घरी जातो."

*

कुलकर्णी आणि शेख यांच्या जिन्यात तेव्हा दोनच बिऱ्हाडं राहत होती. शेख मंडळी लग्नाला सोलापूरला गेली असताना, नेमक्या संकष्टीला, त्या जिन्याच्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत अंड्याची टरफलं निघाली. वहिनींनी बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी वजनकाट्याकडे बघितलं.

शेखसाहेब परत आल्यावर त्यांना हे कळलं. ते लगेच म्हणाले, "माझीच ती. लिहा माझ्या नावावर."

"तुम्ही तर सोलापुरात होतात," वहिनी म्हणाल्या.

"होतो, पण जीव इथंच होता की."

आप्पा पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

*

आपला कचरा शेवटी जातो कुठे, हेही बघायचं ठरलं. एका सकाळी शेखसाहेबांनी स्कूटर काढली, मी मागे बसलो आणि आमच्या कॉलनीचा कचरा नेणाऱ्या ट्रॉलीचा पाठलाग सुरू झाला. ट्रॉली हायवेला लागली. एका ढाब्यावर थांबली. ड्रायव्हरने चहा घेतला, आम्हीही घेतला. मग ट्रॉलीने पुलाखालून वळण घेतलं, दोन सेक्टर ओलांडले, एका कच्च्या रस्त्याने आत शिरली आणि एका उकिरड्यावर रिकामी झाली.

जागा ओळखीची वाटत होती. उकिरड्यापलीकडे एक इमारत, तळमजल्याच्या बाल्कनीवर बांबूची चिक.

शेखसाहेबांनी स्कूटर बंद केली. "गच्चीवरनं दिसलं असतं हे," ते म्हणाले. "पेट्रोल तरी वाचलं असतं."

*

एक गोष्ट मात्र मला काही केल्या उलगडत नव्हती. कॉलनीत दर आठवड्याला टेम्पो येत होता. कुणाचा रंगीत टीव्ही, कुणाचा फ्रिज, कुणाचं वॉशिंग मशीन. पण एकाही ड्रममध्ये खोकं नाही, थर्मोकोलचा तुकडा नाही. उरलेल्या कचऱ्याचा ड्रम महिन्या-महिन्याला हलका होत चालला होता. वहिनी खूश होत्या, पण मला चैन पडेना. विचारलं तर प्रत्येक जण म्हणे, दिलं कबाड्याला.

भंगार घेणाऱ्या त्या कबाडीवाल्याला विचारलं. तो उलट माझ्यावरच उखडला. "बाबूजी, यहाँ लोग टीवी डिब्बे समेत खाते हैं क्या?"

*

शेवटी इंजिनिअर पाहणीला आला. वहिनींनी ऑफिसातून रजा घेतली होती. त्याने तिन्ही ड्रम हाताने उलटेपालटे करून बघितले. उरलेला कचरा हातगाडीत भरला. गाडी अर्धीसुद्धा भरली नाही. तो म्हणाला, ठीक है, इथे ढलाव होणार नाही, आणि ट्रॉलीही उद्यापासून या प्लॉटवर येणार नाही.

वहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी सगळ्यांना चहाला घरात बोलावलं. आप्पांची खुर्ची स्वतः उचलून बाल्कनीच्या दाराशी ठेवली आणि कडी काढली. दार अर्धंच उघडलं.

बाहेर जमिनीपासून चिकेच्या वरच्या दोरीपर्यंत खोकी रचलेली होती. टीव्हीची, फ्रिजची, मिक्सरची, आत थर्मोकोल जसाच्या तसा. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात नाव. शेख यांचं होतं. सोनेरी डब्यावाल्या बाईंचं होतं. एकावर माझ्या बायकोच्या वळणदार अक्षरात आमचंही होतं. शेखसाहेब छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

"आप्पा, हे काय?" वहिनींनी विचारलं.

"लोक दुपारी आणून देतात कठड्यावरून," आप्पा शांतपणे म्हणाले. "सगळ्यांच्या बदलीच्या नोकऱ्या. सामान हलवायचं म्हटलं की मूळचं खोकं लागतंच. टाकून कसं चालेल?"

इंजिनिअरने कप खाली ठेवला. तो दाराशी गेला, वाकून आत बघितलं, एका खोक्यावर टिचकी मारली. मग आप्पांजवळ येऊन हळूच म्हणाला, "अंकलजी, ट्रान्सफर तो हमारी भी होती है. फ्रिज का एक डिब्बा है घर में."

आप्पांनी बाल्कनीकडे एकदा नीट बघून घेतलं.

"ले आइए," ते म्हणाले. "नाम लिखके."

आणि त्यांनी खुर्ची दारापासून थोडी आत ओढून घेतली.