बाबांचं आतडं आणि दारावरचं पत्रक

मी आजवर बरीच पत्रकं लिहिली. पाणीपट्टीवर, बससेवेवर, मुलींच्या वसतिगृहाला सातच्या आत लागणाऱ्या कुलपावर. बहुतेकांत लोकांनी भजी बांधून नेली. शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं गेलं ते एकच, आणि ते मी संडासाच्या दारावर चिकटवलं होतं.

बाबा इतवारीच्या बाजारात साड्यांच्या दुकानात काम करतात. घरचे हातमाग आजोबांबरोबरच थांबले. मी शाळेत असल्यापासून बाबांच्या मोठ्या आतड्याला सूज येते, जखमा होतात, रक्त जातं. अल्सरेटिव्ह कोलायटिस. इतवारीत हातगाडीला जागा आहे, टेम्पोला आहे, संडासाला नाही. दुखणं जोरात होतं तेव्हा कुठल्या गल्लीत कुणाचा संडास उघडा सापडेल हे बाबांना तोंडपाठ होतं. मग औषध लागू पडलं आणि ते ठणठणीत झाले.

ठणठणीत झाले, म्हणूनच अडून बसले. धंतोलीतल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की मोठ्या आतड्याच्या सुजेला आठ-दहा वर्षं झाली की तिथं कर्करोगाचा धोका वाढतो. सगळ्यांना होत नाही, पण वाट पाहत बसायचं नसतं. त्रास नसतानाच दुर्बीण घालून बघायचं, वावगं दिसलं तर वेळेत काढायचं. एवढं साधं! आणि शहरभर भिंतींवर काय रंगवलेलं? मूळव्याध बिना ऑपरेशन, गॅरंटीनं. ही चार वाक्यं मात्र एकाही भिंतीवर नाहीत. कुणाला खडसावायचं ते सांगा.

"दुखत नाही, रक्त नाही, मंग काहून नसती उठाठेव?" बाबा म्हणाले. खरं कारण आईनं फोडलं. आदल्या संध्याकाळी जुलाबाचं औषध पिऊन आतडं धुऊन काढावं लागतं, आणि आमच्या आवारात तीन बिऱ्हाडांत मिळून संडास एक.

"साऱ्यांसमोर बादली घेऊन किती खेपा मारू? मले लाज वाटते. डॉक्टरले फोन करून नाही म्हणून सांग."

"कर्करोग झाला तर नाही वाटणार लाज?"

"बापाशी बोलून राहिली का मंत्र्याशी?"

"मंत्री असते तर घोषणा दिल्या असत्या."

फोन काही मी केला नाही. जाड मार्कर घेतला आणि लिहिलं: 'जाहीर विनंती. आमच्या बाबांच्या आतड्याला जुनी सूज आहे. अशा आतड्यात कर्करोग होऊ शकतो, म्हणून उद्या तपासणी. आज संध्याकाळपासून हा संडास त्यांचा. शेजाऱ्यांनी आपापली सोय पाहावी. यात लाजण्यासारखं काही नाही!'

बाबांनी ते वाचलं, घरात आले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "पावडर पेतच नाही मी. पाहू काय करतं तर."

औषध कालवलेला जग तसाच पडून. तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातले काका दारावरचा कागद उपटून घेऊन थेट आत आले. नळाच्या पाण्यावरून त्यांचं-आमचं बोलणं कधीचं बंद. मी भांडायच्या तयारीत उभी राहिले.

"काय गा, हे खरं हाय का?"

बाबांनी कुशीवर वळून मान हलवली.

"मंग मले काहून नाही सांगितलं? पाण्यावरून भांडलो आपण, पोटावरून भांडलो का?" आणि तिथूनच बायकोला हाक, "आवर वं! आज तुह्या भावाकडं जेवाले जाऊ. दोन-दोन संडास बांधून मिरवते तो, एक तरी कामी येऊ दे!"

बाबा उठले. नाक दाबून पहिला ग्लास घशाखाली घातला.

शेजारच्या मावशींनी आपल्या पोरांना सासूकडं धाडलं आणि स्वतः तांदूळ निवडत ओट्यावर बसल्या, मॅच बघायला बसावं तशा. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की शेवटी नुसतं फिकट पिवळं पाणी यायला हवं, नाहीतर दुर्बिणीतून नीट दिसत नाही. बाबा बाहेर आले की प्रश्न तयार.

"भाऊजी, साफ झालं का?"

पहिल्या खेपेला बाबा मान खाली घालून निघून गेले. दुसऱ्या खेपेला पुटपुटले, "वरणावानी हाय अजून."

"मंग प्या ना बाप्पा, थांबले काहून!"

जग रिकामा व्हायला आला तेव्हा बाबांनी आतूनच आरोळी ठोकली, "झालं! साफ झालं!" मावशींनी सूप बडवलं. आई पदर तोंडात कोंबून हसत होती, आणि बादली हातात घेऊन बाहेर आलेले बाबाही. पहाटेचा दुसरा डोस त्यांनी कुणी न सांगता घेतला.

आतडं इतकं स्वच्छ होतं म्हणूनच दिसली, डॉक्टर म्हणाले. एक लहानशी चपटी गाठ. तिथल्या तिथं काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत बाबा दुकानात साड्या उलगडत राहिले, मी नखं खात राहिले. कर्करोग नव्हता. पेशी बदलायला लागल्या होत्या, पण गाठ मुळासकट निघाली होती. वर्षभरानं पुन्हा दुर्बीण.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी बाबांनी काकांच्या ओट्यावर पेढ्यांचा पुडा उघडला.

"पुढच्या वर्षी कधी?" पेढा चघळत काका.

"हेच दिवस."

"छ्या! तवा आमच्या घरी पाव्हणे राहतीन. दिवाळीनंतर ठेव, आम्ही काटोलले संत्रा तोडाले जातो."

"मले आधी सांगजा," मावशी म्हणाल्या, "गहू निवडाचं काम त्याच दिवशी काढीन."

"तुमच्या सोयीनं थोडंच हाय ते! डॉक्टरले इचारावं लागन," असं म्हणत बाबांनी खिशातून मोबाईल काढला आणि पुढची तारीख विचारायला आपणच फोन लावला.