गरम पोळी आणि आमचे काका

या जगात कुठलीही गोष्ट साधी नसते, यावर आमच्या काकांइतकी गाढ श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही. हे माझ्या मावशीचे यजमान. ‘यजमान’ हा शब्दही मी त्यांच्या पाठीमागेच वापरतो. एकदा तोंडावर निघून गेला, तर म्हणाले, "मग सरळ मालकच म्हण की! गोठा दाखवू का?" जन्मभर कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं, आता निवृत्त झालेत, पण तास काही संपलेला नाही.

कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत ‘कामवाल्या बायकांनी जिना वापरावा’ अशी पाटी लिफ्टशेजारी लागली, तेव्हापासून काका जिन्यानेच चढायला लागले आणि वाटेत भेटेल त्याला धापा टाकत त्या पाटीचा अर्थ सांगू लागले. शेवटी जिन्यातल्या व्याख्यानांना कंटाळून सेक्रेटरींनी पाटी काढली. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाचे वडील मोठ्या मनाने म्हणाले, "आम्हाला काही नको हो. मुलगी आणि नारळ द्या." सगळे सुखावले. काकांनी चष्मा पुसला. "नाही, दोन्ही एकाच यादीत कसे आले, एवढंच विचारतोय." त्यानंतर बराच वेळ माझे वडील पाहुण्यांना नुसते लाडू वाढत होते. लग्न झालं, पण बहिणीचे सासरे काकांना अजून लांबूनच नमस्कार करतात.

एका रविवारी जेवताना मला म्हणाले, "पहिली गरम पोळी कुणाच्या ताटात पडते ते बघ. घरात राज्य कुणाचं, ते तिथे कळतं." मावशीने तव्यावरची फुगलेली पोळी त्यांच्याच ताटात टाकली. "बोलणं नंतर. निवतेय ती." काकांनी ती खाल्ली, आणि "आणखी एक टाक," असंही म्हणाले. आमची जेवणं झाल्यावर मावशी नेहमीप्रमाणे आपलं ताट घेऊन बसली.

गेल्या हिवाळ्यात मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला उभं राहायची बंदी झाली. पोळ्यांना बाई लावू या, असं मी सुचवलं. "म्हणजे चटके दुसऱ्या बाईला!" म्हणून काकांनी मला गप्प केलं आणि स्वतःच कणीक मळायला घेतली. पहिल्यांदा ती इतकी सैल झाली, की फोनला, चष्म्याला, दाराच्या कडीला, सगळीकडे लागली. पण माणूस हटला नाही. पोळी फुगायला लागली, तेव्हा एका दुपारी मला मुद्दाम बोलावलं. मावशीला टेबलाशी बसवलं आणि तव्यावरची पहिली पोळी तूप लावून तिच्या ताटात वाढली. इतक्या वर्षांत तिला जे मिळालं नाही ते आता तरी मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मावशीने ताट जरा पुढे सरकवलं. "निवू दे थोडी. गरम मला जातच नाही हो."

"अगं, तसं तुला वाटतं! ही सवय तुला लावली गेलीय. आपल्याकडची व्यवस्थाच…"

"असेल. तुम्ही करा पोळ्या, मी जेवते सावकाश. एकटीनं जेवायची सवय आहे मला."

टोमणा असता तर काकांनी सहज परतवला असता, पुण्यात आयुष्य गेलंय त्यांचं. पण ती लोणचं वाढून घेता घेता अगदी साधेपणाने बोलली. काकांचा हात लाटण्यावर थांबला. तव्यावरची पोळी करपायला लागली, ती मीच उठून काढली. मग त्यांनी उरलेल्या पोळ्या लाटून डब्यात भरल्या, गॅस बंद केला आणि आपलं ताट घेऊन तिच्या शेजारी येऊन बसले. तीही तोवर जेवायची थांबली होती.

मावशी आता हिंडती-फिरती झालीय. पण त्या घरात पोळ्या आधी करून ठेवतात, कधी ती, कधी ते, आणि मग सगळे एकदम बसतात. त्यामुळे गरम पोळी आता कुणालाच मिळत नाही. जेवताना काका मधेच तिच्या ताटाकडे बघतात. आता काहीतरी अर्थ सांगणार असं मला वाटतं, पण ते एवढंच म्हणतात, "भाजी घे ना अजून." ती घेते. मला त्या दोघांकडे बघून फार बरं वाटतं, आणि थोडं वाईटही.