पाहुणा सायलेन्सर

गाडी समोर येऊन उभी राहिली की तो आधी तिच्याखाली शिरायचा. पोतं अंथरायचं, चष्मा खिशात घालायचा आणि पाठीवर सरपटत आत. बाहेर नुसते पाय दिसायचे, त्यातही एका चपलेचा अंगठा तुटलेला.

"ओ भाऊ, नंबरचा फोटो काढा, नळी घाला अन् पीयूसी द्या. खाली काय पाहता?" गाडीवाला ओरडायचा.

खालून आवाज यायचा, "तोंडाले तं सगळेच पावडर लावते. मले बूड पाहू दे."

बायाबापड्यांसमोरही तो हेच बोलायचा. मला काही वाटत नसे. मी चौथी शिकलेली बाई. चिखलीहून मेहकरकडे जाताना जो पेट्रोल पंप लागतो, तिथे माझी चहाची टपरी आहे. तिथे बसून याहून पुष्कळ वाईट ऐकलं आहे. पंपाच्या कोपऱ्यात त्याची जुनी व्हॅन उभी असे, आत धूर तपासायचं मशीन. तुमच्याही गावाबाहेर असा कोणी असेल. तुम्ही कागद घेतला आणि निघालात, त्याचं तोंड आठवत नसेल.

हा मात्र विसरता येण्यासारखा नव्हता, कारण तो बोलून डोकं खायचा. चहाला उशीर झाला तर बोलायचा, लवकर दिला तर पाणचट म्हणायचा. या धंद्याच्या आधी तो भांड्यांच्या दुकानात बसून भांड्यांवर नावं टाकायचा. लग्नसराईत दिवसभर 'सप्रेम भेट'. ते नाव टाकायचं मशीन त्याने व्हॅनमध्ये जपून ठेवलं होतं. गिऱ्हाईक नसलं की हात शिवशिवायचे. माझा चहाचा गंज, किटली, गाळणी, सगळ्यावर त्याने न विचारता माझं नाव टाकलं. शेवटी चिमट्यावरही.

"चिमट्यावर कायले?"

"भांडं गावभर फिरते मावशी. नाव असलं म्हंजे घरी येते."

आता पाहुण्याबद्दल सांगते.

माझा मुलगा शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतो. आमच्याकडे तशाच व्हॅन बऱ्याच जणांकडे आहेत. कंपनीच्या सायलेन्सरात धूर गाळणारी जाळी असते. ती खराब झाली की नवीन परवडत नाही, म्हणून लोक बाजारातला साधा बसवतात. तो नुसता पोकळ डबा. गाडी चालते, पण धुराच्या तपासणीत बसत नाही. त्यावर आमच्या लोकांनी उपाय काढला होता. बसस्टँडमागच्या गॅरेजवाल्याकडे कंपनीचा एक चांगला सायलेन्सर होता. तपासणीच्या दिवशी तो न्यायचा, गाडीला लावायचा, पास व्हायचं, खोलून परत द्यायचा. मग तो दुसऱ्या गाडीला. लग्नात जाऊबाईची पोत मागून घालावी तसं.

त्या सायलेन्सरच्या पोटाला एक पोचा होता. गाडीखाली शिरल्याबरोबर हा ओळखायचा आणि खालूनच हसायचा, "आले का पाहुणे! मागच्या हप्त्यात दुसऱ्याच्या घरी होते!" पण मशीनवर आकडा बरोबर येई, मग तो पास करी. माझ्या मुलाची गाडीही त्याने अशीच हसत पास केली. आम्हीही हसलो.

माझी नात तेव्हा दुसरीत होती, बापाच्याच गाडीतून शाळेत जायची. घरची म्हणून तिला जागा मागे, दप्तरांच्या ढिगाजवळ. रोज शाळेतून आली की माझ्या टपरीशी उतरायची आणि नालीवर बसून ओकायची. तोंड पांढरंफटक. सकाळचं खाणं तिने सोडलंच होतं. तिची आई तिला आवळासुपारी द्यायची, मी लिंबू हुंगायला द्यायची. अंगाने अशी उतरली होती की गणवेशाचा पट्टा दोनदा फिरला असता.

एकदा तो चहा पीत असताना ती आली आणि ओकली.

"काय झालं पोरीले?"

"गाडी लागते तिले," मी म्हटलं.

"एसटीत लागते?"

"नाई. मेहकरले मामाच्या घरी जाते तं खिडकीत बसून भजे खाते."

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. पाणचट म्हणाला नाही. मला तेव्हाच काहीतरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपली व्हॅन बंद ठेवून माझ्या मुलाच्या गाडीत मागे जाऊन बसला, दप्तरांजवळ, गुडघे पोटाशी घेऊन. पोरं हसली. शाळेपर्यंत गेला आणि तसाच मागे बसून परत आला. माझ्या टपरीशी उतरला, नात बसायची त्याच नालीवर बसला आणि एवढा मोठा माणूस तिच्यासारखाच ओकला.

मी पाणी दिलं. चूळ भरून म्हणाला, "मावशी, पोरीले गाडी नाई लागत. धूर लागते. त्या डब्याचा जॉइंट फुटेल हाय. सगळा धूर वर येते, तिच्या नाकात."

माझा मुलगा चिडला. "पास तं तुम्हीच केली ना! मंग आता काऊन बोलून राह्यले?"

"हाव. म्याच केली." एवढंच बोलला. तो पहिल्यांदाच एवढं कमी बोलला असेल. मग मुलाला म्हणाला, "जाय बे, घेऊन ये तो पाहुणा."

मुलाने गॅरेजमधून सायलेन्सर आणला. बसवण्याआधी याने व्हॅनमधलं नावाचं मशीन काढलं, माझ्या पंख्याची पिन उपटून तिथे आपली लावली आणि सायलेन्सर मांडीवर घेऊन बसला. कर्रर्र आवाजाने माझी गिऱ्हाइकं कान धरून उठली. त्याने गाडीचा नंबर कोरला, मग आणखी बराच वेळ कोरत बसला. मला वाटलं, हौस फिटू दे.

गॅरेजवाला धावत आला. "हे काय केलं? आता दुसऱ्याले कसा देऊ मी?"

"देऊच नको. आता पाहुणा कोणाच्या घरचा हाय ते लिहेल हाय. दुसऱ्या गाडीखाली दिसला तं मी पास करणार नाई." असं म्हणून तो पोतं अंथरून गाडीखाली शिरला आणि स्वतःच सायलेन्सर बसवून टाकला.

व्हायचं ते झालं. व्हॅनवाले भडकले, गाड्या दुसरीकडे न्यायला लागले. महिनोन्‌महिने तो रिकामा बसून माझ्या डब्यांच्या झाकणांवर नावं टाकत होता. मग एक दिवस व्हॅन घेऊन गेला. कोणी म्हणालं, मलकापूरला हायवेवर उभा असतो. मी एका लग्नाला गेले तेव्हा तिथले पंप पाहून आले. नव्हता.

मुलगा सायलेन्सरचे पैसे द्यायला गेला होता, तेव्हा गॅरेजवाला "झालं ते" म्हणून आत निघून गेला. आम्हाला वाटलं, रागावला आहे.

परवा टांगायचं रबर बदलायला मुलाने सायलेन्सर खोलला आणि माझ्या टपरीपुढे ठेवला. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून तो मी कधी पाहिला नव्हता. चिखल ओल्या फडक्याने पुसला. गाडीचा नंबर होता. त्याखाली लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं वळणदार अक्षर. मी एकेक अक्षर लावत वाचलं. नातीचं नाव, आणि पुढे 'हिस सप्रेम भेट'.

मग कळलं पैसे कोणी दिले होते.

नात आता पाचवीत आहे. सकाळी दोन पोळ्या खाऊन त्याच मागच्या जागेवर बसते आणि शाळेपर्यंत गाणी म्हणून बापाचं डोकं खाते.

भेट देणाऱ्याचं नाव भांड्यावर असतंच. मी सायलेन्सर उलटासुलटा करून पाहिला. त्याने टाकलं नव्हतं. म्हणून मीही इथे टाकलेलं नाही.