मुखरूच्या तलावावर शून्य पाखरं

सिंदेवाहीजवळच्या तलावावर मुखरू ढिवराला सरकारनं पाखरं मोजायला नेमलं, तेव्हा अख्खं गाव हसलं. माणसांची मोजणी झाली होती, गुराढोरांची झाली होती; मग पाखरांनीच काय घोडं मारलं होतं? दसऱ्यापासून दिवाळी उलटेपर्यंत तलावाच्या पाळीवर बसायचं आणि उत्तरेकडून आलेलं प्रत्येक पाखरू टिपायचं, असा हुकूम. लिहिता येत नाही ही अडचण मुखरूनं आपली आपण सोडवली. धानावरून तरंगत येणाऱ्या ससाण्यासाठी मोहाची एक बी वाळक्या भोपळ्यात, चिखलात लांब चोच खुपसणाऱ्या पाणलाव्यासाठी एक बी मडक्यात. बायको गुणाबाई त्या बियांचं तेल काढायला टपून बसलेली; पण त्यानं तिला हात लावू दिला नाही. एखादं पाखरू चुकेल या धाकानं तो जेवायलाही घरी येत नसे.

पहिल्या वर्षी, छप्पन साली, मडक्यात अकराशे चाळीस बिया निघाल्या. कचेरीतल्या बापूजी कारकुनानं आकडा लिहिला, मुखरूचा अंगठा घेतला. मुखरूला वाटलं, सरकारला पाखरांचा लळा लागला. लळा होताच. आठ दिवसांत तीन जीपगाड्या आल्या, त्यांतून साहेबलोक उतरले, बंदुका उतरल्या, मसाल्याचा डबासुद्धा उतरला. ससाण्यांचा आकडा कुणी वाचलाही नव्हता. ससाणे कुणी खात नाही. दुपारी बापूजींनी मुखरूला चिखलात धाडलं. "पडलेले मोजून आण." तेही त्यानं मोजले. दोनशे सहा.

पुढच्या वर्षी तो रिकामं मडकं घेऊन कचेरीत उभा राहिला.

"हे काय?" बापूजी म्हणाले.

"आले नाईत, बापूजी."

"काल कचेरीवरून थवेच्या थवे गेले. म्या पाह्यले ना!"

"गेले असतीन. उतरले नाईत."

बापूजी तसे भले गृहस्थ. त्यांनी समजावून सांगितलं, "मुखरू, पंचवार्षिक योजना चालू हाय. धान वाढून राह्यलं, सडका वाढून राह्यल्या, अन् पाखरं शून्य? वरचे मले काय म्हन्तीन? अकराशे पन्नास लिहितो. दे अंगठा."

मुखरूनं अंगठा मुठीत दाबला. "खोट्यावर अंगठा नाई देत मी." जन्मात पहिल्यांदा खोटं बोललेला माणूस हे म्हणत होता, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. बापूजींनी वाद घातला नाही. शाई समोरच होती, आणि अंगठा त्यांनाही होता.

साहेबलोक इतवारी येणार, अशी वर्दी गावात आली. त्या दिवशी झुंजूमुंजू होताच मुखरू पाळीवर पोचला. खाली चिखलात पाणलावे चरत होते. बापूजींचा अंदाज फारच कंजूस निघाला होता. मुखरूनं मनातल्या मनात मोजले होते, तेराशे वीस भरले होते.

ज्या माणसानं या पाळीवर कुणाला खडा भिरकावू दिला नव्हता, त्यानं रॉकेलचा डबा बडवायला घेतला. पाखरं उठली, एक घिरटी घातली आणि पुन्हा तिथंच बसली. डबा बडवणारा मुखरूच आहे म्हटल्यावर त्यांना कसली भीती? मग त्यानं दगड उचलले. रडत, शिव्या घालत, नेम धरून मारले. एक पाणलावा लागून पडला, तेव्हा कुठे बाकीच्यांना पटलं. सगळा थवा दक्षिणेला निघून गेला. पडलेलं पाखरू मुखरूनं दुपट्ट्यात गुंडाळून काखेत धरलं.

जीपगाड्या आल्या तेव्हा तलावावर एक बगळासुद्धा नव्हता. मोठ्या साहेबांनी बापूजींचा कागद उघडला, पाण्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"मोजणीदार तू ना?" साहेबांनी मुखरूला विचारलं. "तू किती सांगितले होते?"

"शून्य, साहेब."

साहेब गहिवरले. अख्ख्या जिल्ह्यात खरा आकडा देणारा हा एकच माणूस, असं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, आणि पुढच्या वर्षीही हाच मोजेल असा हुकूम तिथल्या तिथं सोडला. त्यांनी मुखरूची पाठ थोपटली. काखेतलं पाखरू अजून कोमट होतं. मुखरू ओक्साबोक्शी रडू लागला.

"बघा," साहेब म्हणाले, "गरिबाला किती आनंद झालाय!"