काकूंनी चिंध्या काढल्या तो बुधवार

लिफ्टकाकांची बोट जमिनीवर होती. म्हणजे पहिल्या मजल्याच्या उंचीवर, लोखंडी टेकूंवर, बोट दुरुस्तीच्या यार्डात, आणि काका-काकू तिच्यातच राहायचे. भाड्याचं घर सोडून दिलेलं, कारण काका म्हणाले होते, "महिनाभरात तर निघतोय, घर कशाला ठेवायचं?" तो महिना तीन वर्षं चालला होता.

काकूंचं सगळं आयुष्य शिडीवर आलं. आंघोळ करायची? उतरा, यार्डाच्या पार टोकाला जा, टॉवेल राहिला, या परत, चढा. साबण राहिला, पुन्हा चढा. भांडी घासायची तर खाली बादली लावून, कारण सिंकचं पाणी बोटीच्या बुडातल्या भोकातून थेट खाली. एकदा ते एका रंगाऱ्याच्या डोक्यावर पडलं, तर तो बिचारा अजूनही वर बघितल्याशिवाय तिथून जात नाही.

आणि हे सगळं कशामुळे? चिंध्यांमुळे!

काकांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यांचा नियम एकच, काम बाकी असलेल्या वस्तूला लाल चिंधी बांधायची, आणि चिंधी दिसतेय तोवर लिफ्ट चालू करायची नाही. नोकरीत ठीक होतं. पण बोटीत? ड्रॉवर अडकतो, चिंधी. दिवा तिरका, चिंधी. काका एक सोडायचे आणि दोन बांधायचे. बोटीत शिरलं की वाटायचं कुणीतरी लाल पडदा फाडून सूड उगवलाय. पडदाही काकूंचाच होता.

समुद्रापलीकडे लेक होती. तिचं पोर चालायला लागलं होतं आणि आजी-आजोबांनी ते फक्त फोनवर पाहिलं होतं. पलीकडे नेणारे वारे वर्षातून थोडेच महिने असतात, यंदाचे संपत आलेले. शेवटी काकूंनी सांगून टाकलं.

"बुधवारी क्रेन येतेय. बोट पाण्यात गेली तर मी तुमच्याबरोबर. नाही गेली तर मी विमानाने जाते, तुम्ही बसा चिंध्या बांधत."

"अगं, एकटी जाशील?"

"तीन वर्षं एकटीच शिडी चढतेय ना मी!"

खरं तर काकूंना विमान नकोच होतं. शिडाची उसवलेली शिवण त्यांनी स्वतः घातली होती, बोटं सोलवटून घेतली होती, आणि ते शिड वाऱ्याने फुगलेलं बघायचं होतं. शेजारी हा माणूस हवाच होता. म्हणून बुधवारी सकाळी काका दाढी करायला खाली उतरले आणि काकूंनी कात्री घेतली. कच, कच, कच. एकूण एक चिंधी पिशवीत.

काका परत वर चढायच्या आधीच क्रेन आली. बोटीच्या पोटाखालून रुंद पट्टे घातले, बोट उचलली, पाण्यावर धरली, अलगद टेकवली. क्रेनवाला ओरडला, "काका, आत बघून घ्या, मग पट्टे सोडतो!"

काकांनी आत डोकं घातलं. सवयीने लाल रंग शोधला. कुठेच नाही! चेहरा असा झाला की जणू परीक्षेत पेपर कोरा आलाय. टाळायला निमित्तच शिल्लक नव्हतं. बारीक आवाजात म्हणाले, "सोड."

बोट तरंगली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पाचच मिनिटांत पायांतही!

"अहो!! जमीन ओली झालीय!"

काका धावले. सिंकखालचं ते बुडातलं भोक बंद करणारी तोटी त्यांनी ग्रीस लावायला काढली होती आणि भोकात लाकडी खुंटी नुसती हाताने दाबून ठेवली होती, ठोकायची बाकी. खालच्या पाण्याने ती उडवली आणि ती डब्यांच्या ढिगात गायब! काकांनी भोकावर तळहात दाबला आणि आडवे पडले.

"इथे चिंधी होती! मी स्वतः बांधली होती!"

"मी काढली."

"कुठली?"

"सगळ्या."

वरून क्रेनवाला ओरडला, "काका, बोट हलवा! धक्क्याच्या भिंतीवर चाललीय! मागे दुसरा थांबलाय!"

"मला उठता येत नाही," काका म्हणाले. "इंजिन तू चालू कर."

"मी? मला कधी हात लावू दिलात? त्याच्यावर कायम चिंधी! काय बिघडलंय त्याचं?"

"झाकणाची बिजागरी करकरते."

"एवढंच??"

"...हो."

काकूंना हसावं की लाटणं शोधावं कळेना. त्या वर गेल्या, किल्ली फिरवली, इंजिन खोकलं आणि चक्क चाललं.

"आता दांडा पुढे! हळू! काय दिसतंय?" खालून आवाज.

"भिंत!"

"मग उजवीकडे!"

"उजवीकडे तो रंगारी उभाय!"

"पाण्यात??"

"जेटीवर हो! वर बघतोय!"

बोट तिरकी गेली, एका खांबाला घासली, रंगाऱ्याने दोर पकडला आणि बांधला. काकू खाली धावल्या, गुडघ्यावर बसून डबे उपसले, खुंटी सापडली, भोकात घातली आणि तीन वर्षांचा सगळा राग काढून हातोडीने ठोकली. पाणी थांबलं.

दोघं ओल्या फळ्यांवर बसले. काकूंना वाटलं, आता हे ओरडणार, आणि ओरडावंच, चूक आपलीच होती. रडूच आलं त्यांना.

"बुडलो असतो हो माझ्यामुळे."

"बघितलं मीही नाही," काका म्हणाले. "चिंधी शोधली, भोक नाही शोधलं." मग हात चोळत पुटपुटले, "लिफ्ट कुठेही अडकली तरी जवळ एखादा मजला असतो गं. तिकडे मध्ये काहीच नाही. म्हणून बांधत होतो."

"मग हे आधी बोलायचं ना! मी पडदा तरी वाचवला असता."

काका हसायला लागले. मग उठले, खुंटी काढून झटक्यात तोटी बसवली, दोघं पुन्हा नखशिखांत भिजले. त्यानंतर सगळी बोट भोकाभोकाने तपासली, या वेळी दोघांनी मिळून, टॉर्च घेऊन. बाकी सगळी भोकं नीट होती. ड्रॉवर अडकतच होता.

काकांनी आपणहून लेकीला फोन लावला.

"बाबा? बोट झाली तयार?"

काकांनी तिरक्या दिव्याकडे बघितलं, ओल्या डब्यांकडे बघितलं, पदर पिळणाऱ्या काकूंकडे बघितलं.

"नाही गं," ते म्हणाले. "पण शनिवारी निघतोय."